धंदा माझा, ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर

प्रति,
व्यवसायांसाठी सरकारी ऑनलाइन खाती चालवणाऱ्या सर्व विभागांचे सचिव व संचालक,
राज्य शासन आणि केंद्र शासन

विषय : लहान धंद्याच्या सरकारी खात्याचा ताबा मालकाकडे देणेबाबत.

स.न.वि.वि.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकणं हा माझा धंदा. सहा वर्षांपूर्वी एका चुलीवर सुरू केला, आज सात बायका कामाला येतात. चौघी भाकरी थापतात, दोघी चटणी कांडतात, एक जण मोजून पाकिटं भरते. माल पोचवणं, उधारी वसूल करणं, हिशेब आणि सरकारी कागद हे माझ्याकडे. पहिली तीन कामं मला जमतात. चौथ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मागच्या वर्षी आमच्या मालाला एका सरकारी प्रदर्शनात गाळा मिळण्याची संधी आली. अर्ज धंद्याच्या सरकारी खात्यातूनच करायचा होता. शेवटची तारीख शुक्रवार. मी बुधवारी दुपारी, बायका जेवायला बसल्या तेव्हा, फोन घेऊन बसले. पासवर्ड चुकला. ‘पासवर्ड विसरलात?’ असं होतं, ते दाबलं. ओटीपी पाठवला आहे असं आलं आणि खाली मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे दिसले. ते आकडे माझ्या नंबरचे नव्हते.

बराच वेळ मला कळेचना. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या ठिकाणी, पैसे घेऊन ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रात हे खातं काढलं होतं. तिथला मुलगा म्हणाला होता, “मावशी, तुमच्या फोनला रेंज नाही. माझा नंबर टाकतो, काम पटकन होईल.” मी हो म्हणाले. ईमेलही त्यानंच स्वतःचा टाकला, कारण माझ्याकडे ईमेल नव्हता. पुढे ते केंद्र बंद झालं, मुलगा गाव सोडून गेला, त्याचा तो नंबरही बंद आहे. त्या मुलानं मला फसवलं असं मी म्हणत नाही. त्याला त्या दिवशी माझं काम उरकायचं होतं, मला शेवटची एसटी गाठायची होती.

मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “ज्यांनी खातं काढलं त्यांच्याकडून लॉगिन घ्या.” मी म्हटलं, खातं माझं आहे, पॅन माझं आहे, आधार माझं आहे. पुन्हा तेच उत्तर. भाचीच्या फोनवरून लेखी तक्रार केली. शुक्रवार गेला, गाळाही गेला. नऊ दिवसांनी तक्रारीपुढे लिहून आलं : “आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.”

निकाली म्हणजे काय झालं? माझा नंबर बदलला नाही, पासवर्ड मिळाला नाही, मला कोणी फोन करून विचारलंही नाही. आजही ते खातं माझ्या नावावर आहे आणि मला ते उघडता येत नाही. त्यात काही चुकीचं भरलं गेलं तर नोटीस माझ्या नावानं येणार, दंड मी भरणार. जबाबदारी सगळी माझी आणि ताबा मात्र एका बंद पडलेल्या नंबरकडे, हे मला मान्य नाही.

ते पोर्टल कोणतं, हे मी मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की त्या एकाच विभागाला खुलासा विचारला जाईल आणि बाकीचे सुटतील. आमच्या तालुक्यात पापडवाल्या आहेत, शिवणकाम करणाऱ्या आहेत, एक जण गांडूळखत करते, एक जण लग्नाचे रुखवत बनवून विकते. कुणाचं कोणत्या पोर्टलवर, कुणाचं कोणत्या. पण नंबर दुसऱ्याचा, ईमेल दुसऱ्याचा, हे निम्म्याअधिक जणींचं आहे. ही मोजदाद मी सरकारी आकड्यांतून केलेली नाही. महिन्याच्या बैठकीत वीस जणींना एकेक करून विचारलं, त्यावरून सांगते आहे.

मी ऑनलाइनच्या विरोधात नाही, हे आधी स्पष्ट करते. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर दुकानाला नोंदणीची गरज नाही, फक्त सूचना द्या, असा कायदा आपल्या राज्यानं २०१७ साली केला तेव्हा मला आनंद झाला होता. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची केंद्र सरकारकडची नोंद, १ जुलै २०२० पासून सुरू झाली. तिला शुल्क नाही, कागद जोडायचा नाही, स्वतः लिहून द्यायचं. चांगलीच गोष्ट आहे. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी लहान माणसाचा विचार केला होता. पण खातं काढायच्या पहिल्याच पायरीला तो विचार संपतो.

ती पहिली पायरी म्हणजे ओटीपी. उद्यमसारख्या नोंदणीत तो आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. माझं आधार काढलं तेव्हा आमच्या घरात एकच फोन होता आणि तो ह्यांच्याकडे असायचा. पुढे तो नंबर मुलाकडे गेला. मुलगा चाकणला कंपनीत आहे. आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मी तालुक्याला केंद्रात खुर्चीवर बसलेली, समोर पडद्यावर सेकंद उलटे पळताहेत आणि ओटीपी दोनशे किलोमीटरवर एका लोखंडी कपाटात वाजतोय. चहाच्या सुट्टीत मुलानं फोन केला, घाईघाईनं आकडे सांगितले. तोवर मुदत संपली होती. असे तीन खेटे झाले. शेवटी त्याची रात्रपाळी लागली त्या आठवड्यात काम झालं. या तीन खेट्यांत तीन दिवसांचा माल निघाला नाही, सात बायकांचा रोज बुडाला. तो मी दिला, कारण त्यांची चूक नव्हती.

आधारचा नंबर बदलून घ्या, असं सगळे सांगतात. घेतला. पण त्यासाठी पुन्हा केंद्र, पुन्हा रांग. आणि ज्या दिवशी आधारवरचा नंबर बदलतो त्या दिवशी बाकीच्या खात्यांवरचे नंबर आपोआप बदलत नाहीत, हे कोणी सांगत नाही.

ओटीपी नसेल तर अंगठा द्या, म्हणतात. माझ्याकडे सुरुवातीपासून असलेली एक बाई आहे. पन्नाशी उलटलेली. कडक भाकर नुसती थापून होत नाही. तव्यावर भाजली की मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत तिच्यातलं सगळं पाणी काढावं लागतं, तेव्हा ती महिनाभर टिकते. तिचं हे काम तीस वर्षं चालू आहे. तिचा उजवा हात उजेडात धरला तर बोटांची टोकं पांढरट, गुळगुळीत दिसतात. रेषा म्हणून काही उरलेली नाही. तिलाही स्वतःचा लहानसा धंदा सुरू करायचा होता, भाकरीचं पीठ दळून पाकिटातून विकायचा. केंद्रातल्या यंत्रावर तिनं सहा वेळा अंगठा ठेवला. तिथल्या पोरानं ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं, तेल लावून पाहिलं, मग दुसरं बोट घेतलं, मग डावा हात. यंत्रावर दर वेळी लाल दिवा. संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “ताई, माझं बोट सरकारला चालत नाही.” मी तिला काय सांगायचं होतं? चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आधारमध्ये आहे, डोळ्याच्या बुबुळावरूनही आहे. मग ती तालुक्याच्या केंद्रात का नाही? कष्टानं बोटं झिजलेली माणसं या राज्यात थोडी नाहीत. ऊसतोड करणारे, वीटभट्टीवरचे, विडी वळणाऱ्या, आणि आम्ही.

आता नावाचं सांगते. हा भाग लांब आहे, कारण सगळ्यात जास्त दिवस माझे यात गेले.

माझी नावं तीन आहेत. आधारवर सासरचं नाव, मधे नवऱ्याचं. पॅन लग्नाआधी काढलेलं, त्यावर मधे वडिलांचं नाव आणि शेवटी माहेरचं आडनाव. बँकेच्या पासबुकावर पुढे ‘सौ.’ लागलेलं. महाराष्ट्रात लग्न झालेल्या बाईची कागदं अशीच असतात. यात काही लपवाछपवी नाही, ही इथली रीत आहे आणि आमच्याआधी चार पिढ्या चालत आलेली आहे. तलाठी, ग्रामसेवक, बँकेतला शिपाईसुद्धा दोन कागद शेजारी ठेवून ओळखतो की ही एकच बाई. संगणकाला मात्र मी तीन वेगळ्या बायका वाटते.

इंग्रजी स्पेलिंग तर आम्ही कधी ठरवलेलंच नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत आहे. आधार काढणाऱ्यानं ‘व्ही’ घातला, पॅन भरणाऱ्यानं ‘डब्ल्यू’. आमच्यातल्या एकीच्या आधारवर नावामागे ‘बाई’ आहे, पॅनवर नाही. पॅन आणि आधार जोडायची मुदत ३० जून २०२३ ला संपली आणि तिचं पॅन निष्क्रिय झालं. मग एक हजार रुपये विलंब शुल्क भरलं. हे हजार रुपये म्हणजे तिची चार दिवसांची मजुरी. पैसे भरून झाल्यावरही जोडणी होईना, कारण नाव जुळत नव्हतं. मग पॅनमधलं नाव दुरुस्त करायचं, त्याचं वेगळं शुल्क, वेगळे दिवस. एका ‘बाई’पायी तिचे पाच महिने गेले.

आणि अर्ज परत येतो तेव्हा पडद्यावर काय येतं? ‘डिटेल्स मिसमॅच’. कोणते डिटेल्स? नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, पत्ता? कशाशी जुळत नाही, पॅनशी की आधारशी? हे एक वाक्य जास्त लिहायला काय लागतं? भाकर बिघडली तर मी कामाला आलेल्या नव्या मुलीला सांगते, पीठ सैल झालंय की तवा तापला नाही. नुसतं ‘चुकलं’ म्हटलं तर ती पुढची भाकर कशी सुधारेल?

भाषेबद्दल दुसरी एक गोष्ट. ओटीपीचा संदेश येतो तो इंग्रजीत. ‘हा आकडा कोणालाही सांगू नका’ असं त्यात लिहिलेलं असतं, हे मला भाचीनं वाचून दाखवलं तेव्हा कळलं. तोवर मी तो आकडा केंद्रात, एसटीत, फोनवर, किती वेळा मोठ्यानं सांगून बसले होते कोण जाणे. सावध करणारं वाक्यच कळत नसेल तर ते लिहून काय उपयोग? राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, गावात आम्ही साखर वाटली. माझी मागणी त्यामानानं फार लहान आहे. संदेश मराठीत पाठवा. चूक काय झाली ते मराठीत सांगा. मुखपृष्ठ मराठीत आणि आत तिसऱ्या पानावर इंग्रजी, असं अर्धवट नको. तिसऱ्या पानावरच तर आम्ही अडतो.

पैशाचं थोडक्यात सांगते. उद्यम नोंदणी फुकट आहे, हे वर लिहिलंच. पण फोनवर ‘उद्यम नोंदणी’ शोधलं की सरकारी संकेतस्थळाच्या वर जाहिराती दिसतात. तसाच तिरंगी पट्टा, तशीच अक्षरं. माझ्या चुलत जावेनं त्यातल्या एकावर दोन हजार आठशे रुपये भरले. प्रमाणपत्र आलं, खरंही निघालं. पण त्यावर नोंदलेला ईमेल त्या लोकांचा आहे. म्हणजे पैसे गेले ते गेले, खात्याचा ताबाही गेला. अन्न नोंदणीचं शुल्क लहान धंद्याला तेव्हा वर्षाला शंभर रुपये होतं, त्यासाठी मी केंद्रात पंधराशे मोजले आणि पावती मिळाली ती साध्या चिठ्ठीवर. केंद्र चालवणाऱ्यांनाही पोट आहे, वीज आहे, जागेचं भाडं आहे. त्यांनी फुकट करावं असं मी म्हणणार नाही. पण सरकारचं किती आणि त्यांचं किती, हे दोन आकडे वेगळे दिसले पाहिजेत.

आणि ही खाती किती! चटणीचं एक पाकीट रीतसर विकायचं तर उद्यमचं एक, दुकान कायद्याच्या सूचनेसाठी एक, अन्न नोंदणीचं एक, व्यवसाय कराचं एक. उलाढाल वाढून चाळीस लाखांच्या वर गेली की जीएसटीचं. योजनेला अर्ज करायचा तर त्या योजनेचं आणखी एक. प्रत्येकाचं युजरनेम वेगळं, प्रत्येकाच्या पासवर्डाचे नियम वेगळे. माझी हिशेबाची वही आहे, तिच्या शेवटच्या पानावर हे सगळं लिहिलंय. चटणीच्या तेलाचे डाग पडून त्यातली दोन ओळखू येत नाहीत. पासवर्ड वहीत लिहू नये, हे मलाही सांगितलं गेलंय. मग कुठे लिहायचा?

१ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात सांगितलं गेलं की ठरावीक सरकारी संस्थांच्या डिजिटल व्यवस्थांत पॅन हीच धंद्याची सामायिक ओळख धरली जाईल. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीनं पॅन २.० साठी, म्हणजे पॅनची व्यवस्था नव्यानं उभारण्यासाठी, १,४३५ कोटी रुपये मंजूर केले. मी दोन्ही बातम्या पेपरात वाचल्या आणि दुसरी कापून त्याच वहीत ठेवली, कारण मला खरंच वाटतं की हे झालं तर आमची सुटका होईल. पण ते होईपर्यंत आम्ही रोज सकाळी पीठ मळतोच आहोत, तोवर थांबा असं कोणी आम्हाला सांगू नये.

कागदांच्या बाबतीतही तसंच. डिजिलॉकर ही सरकारी कागद फोनवर ठेवायची सोय. त्यातला कागद मूळ कागदासारखाच धरायचा, असा नियम आहे. तरी अर्जात पुन्हा तोच कागद स्कॅन करून, शंभर केबीच्या आत बसवून चढवा म्हणतात. शंभर केबीत बसवला की अक्षरं पुसट होतात, आणि मग ‘अस्पष्ट’ म्हणून अर्ज परत. बँकेचंही एक सांगायचं राहिलं. एकट्या मालकाच्या धंद्याला चालू खातं काढायचं तर रिझर्व्ह बँकेच्या केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, नियमांनुसार धंद्याचे दोन पुरावे लागतात, पण खात्री पटली तर एकावरही काम करायची मुभा बँकेला आहे. ती मुभा वापरणारा अधिकारी मला भेटला नाही. दोन पुरावे म्हणजे पुन्हा दोन पोर्टलं, म्हणजे पुन्हा वरचं सगळं.

माझ्या बंद पडलेल्या खात्याकडे परत येते. यावर उपाय नाही असं मला फोनवर सांगितलं गेलं. ते खरं नाही. जीएसटीत असा मार्ग आहे : सल्लागारानं स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकून ठेवला असेल, तर मालकानं कागद घेऊन आपल्या भागातल्या कर अधिकाऱ्याकडे जायचं, तो तपासून नंबर आणि ईमेल बदलून देतो. म्हणजे हा घोळ देशभर होतो हे सरकारला ठाऊक आहे, आणि तो कसा सोडवायचा हेही. एका विभागात जमतं ते बाकीच्या विभागांत का जमू नये, याचं उत्तर मला हवं आहे.

माझ्या मागण्या या आहेत.

धंद्याचं सरकारी खातं ज्या नंबरवर उघडलं जातं, तो मालकाचा नसेल तर मालकाच्या आधारच्या नंबरवर त्याच क्षणी मराठीत संदेश जावा : ‘तुमच्या धंद्याचं खातं अमुक नंबरवर उघडलं आहे. हा नंबर तुमचा नाही.’ एवढं कळलं असतं तर दोन वर्षांपूर्वी त्याच खुर्चीवर बसून मी तो बदलून घेतला असता. ज्यांना स्वतः जमत नाही त्यांनी मदतनीस नेमावा, पण त्याचं लॉगिन वेगळं असावं आणि मालकाला ते हवं तेव्हा काढून टाकता यावं.

ज्यांचा ताबा गेला आहे त्यांच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी एक अधिकारी नेमा. मालकानं स्वतः जायचं, आधार, पॅन, धंद्याचा पत्ता दाखवायचा, आणि सात दिवसांत नंबर व ईमेल बदलून मिळायचा. राज्याच्या ज्या विभागांना हे लागू होतं त्यांच्यासाठी ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित करा. त्या कायद्यात मुदत आहे, पोच आहे, अपिलं आहेत, आणि कारण नसताना सेवा नाकारणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांचा दंड आहे. कायदा चांगला आहे. आमची सेवा त्याच्या यादीत घाला, एवढंच मागते. केंद्राच्या पोर्टलांनीही अशीच मुदत जाहीर करावी.

लग्नानंतर नाव बदललेल्या बाईकडून विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र एकदा घ्या, आणि ते सगळ्या विभागांना चालू द्या. अर्ज परत पाठवताना कोणता रकाना कोणत्या कागदाशी जुळला नाही हे लिहा. ‘बाई’, ‘सौ.’, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांवर अर्ज आपोआप नाकारू नका, माणसाकडे तपासायला पाठवा.

प्रत्येक केंद्रात चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय द्या. तोवर ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांना परत पाठवू नका.

सरकारी शुल्क किती आणि केंद्राचं किती, याचा फलक मोठ्या अक्षरात लावायला लावा, आणि पावतीवर दोन्ही आकडे वेगळे छापा. सरकारसारख्या दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळांवर कारवाई करा.

आणि तक्रार ‘निकाली’ काढायच्या आधी तक्रारदाराला एक फोन करा. काम झालं का, एवढंच विचारा. तो नाही म्हणाला तर तक्रार बंद होता कामा नये. या सगळ्या मागण्यांत ही सगळ्यात स्वस्त आहे, आणि माझ्या मते सगळ्यात आधी करण्यासारखी हीच आहे.

या पत्राची एक प्रत मी आमच्या आमदारांना आणि खासदारांना देणार आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात प्रत्येक विभागाला एकच प्रश्न विचारीन : गेल्या वर्षी तुम्ही किती तक्रारी निकाली काढल्या आणि त्यांतल्या किती तक्रारदारांचं काम झालं? आमच्या बैठकीतल्या त्या वीस जणीही तोच अर्ज करणार आहेत. अर्ज हातानं लिहायला आम्हाला येतो.

पीठ विकायचं म्हणणारी ती बाई अजून माझ्याकडेच भाकरी दाबते आहे. तिचं पीठ मी माझ्या पाकिटांबरोबर, माझ्या नावानं विकते आणि पैसे तिला देते. हे किती दिवस चालेल, मला माहीत नाही. तिला तिच्या नावानं विकायचं आहे.

उत्तर कृपया टपालानं पाठवावं. पत्ता तुमच्या नोंदींत आहे आणि तो बरोबर आहे. ईमेल पाठवू नये, खात्यावरचा ईमेल आजही माझा नाही.

कळावे,
आपली,
सोलापूर जिल्ह्यातली एक भाकरी-चटणीवाली